उंबराचं पाणी, रंग काढलेलं

माझ्या पीएचडीच्या गाइड प्रेमा मॅडमनी परिषदेच्या पोस्टरचं प्रूफ पाठवलं आणि मला किळस आली.

काम माझं होतं. गोराईच्या आमच्या गावठाणातल्या विहिरींचं पाणी मी दोन वर्षं तपासलं, आणि एका विहिरीत सांडपाणी उतरतंय हे आलेखात स्वच्छ दिसत होतं. तो आलेख आता कोपऱ्यात काडेपेटीएवढा उरला होता. मधोमध माझी आई.

फोटो माझ्या स्टेटसवरून उचललेला. माझ्या भावाच्या, लेस्टरच्या लग्नाआधी उंबराचं पाणी, म्हणजे नवरदेवाला न्हाऊ घालायचं पाणी, आणायला बायका बँड लावून विहिरीवर गेल्या होत्या, तेव्हाचा. आई डोक्यावर कळशी घेऊन नाचत होती. मॅडमनी बँड कापला, बायका कापल्या, रंग काढले आणि खाली लिहिलं, ‘पाण्यासाठी वणवण’.

मी फोन केला. "मॅडम, ती नवरदेवाची आई आहे. आणि तिच्या गळ्यातलं सोनं कुठे गेलं?"

"काढायला सांगितलं मी. सोनं घातलेल्या बाईची कुणाला दया येते, फ्लेविया? आणि आता प्रिंटला गेलंय ना ते."

प्रबंधावर सही त्यांचीच हवी, म्हणून मी गप्प बसले. मग माझीच मला शिसारी आली.

परिषद पार्ल्याच्या एका कॉलेजात होती. आईला मी मुद्दामच सांगितलं नव्हतं. पण लेस्टरकडून कळलं आणि ती आलीच, ठेवणीतली साडी नेसून, तीच सोन्याची माळ घालून. ती माझ्या शेजारी उभी राहते न राहते तोच परीक्षक आले.

"ही बाई कोण?" त्यांनी फोटोकडे बोट दाखवलं.

"तिथलीच एक गरीब बाई, सर. पाण्यासाठी रोज पायपीट करते," मॅडम हळहळत म्हणाल्या.

आई फोटोकडे बघत होती. तिचा हात गळ्याकडे गेला आणि माळ चाचपून तिथेच थांबला.

मी बोर्डाच्या पिना उपटल्या. "ही माझी आई. मुलाच्या लग्नात नाचतेय. सोनं आम्ही पुसलं."

"सहीला येशील तेव्हा बघते," मॅडम हळूच म्हणाल्या. मी पोस्टर गुंडाळलं आणि आईला घेऊन बाहेर पडले.

रिक्षात तिने पोस्टर मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "लेस्टरला नको दाखवू गं हे. त्याला वाटेल, मम्मी माझ्या लग्नात खूश नव्हती."