सत्ताविसाव्या ओळीतली प्रिया

एरर वाचायला मला जाम आवडतं. आमच्या शाळेच्या बँडचं नोटेशन आम्ही कॉम्प्युटरवर लिहितो. सुरांची अक्षरं टाइप करायची, बटण दाबलं की छापायचं पान तयार. पण एक कंस जरी राहिला तरी पानाऐवजी लाल ओळींचा ढीग येतो. बाकीची पोरं घाबरून खुर्ची सोडतात, मी खुर्ची पुढं ओढते! पहिली लाल ओळ नीट वाचायची, बाकीच्या बहुतेक तिच्यामुळंच आलेल्या असतात, हे माझं मी शोधून काढलंय.

त्यामुळं स्नेहल धापा टाकत वर्गात आली तेव्हा मला भारीच वाटलं.

"प्रिया, चल की लौकर! फाईल अडकलीया. उदयसिंह सर ताटकळल्यात."

"एवढं पण येत न्हाय व्हय तुला?"

"न्हाय बाई. तूच आमची डॉक्टर."

स्नेहल पाचवीपासून माझ्या बाकावरची. स्नेहसंमेलनासाठी बँडच्या सरांनी सगळ्यांकडून धुना मागवल्या होत्या. जिची निवडली जाईल, तिनं मधला तुकडा क्लॅरिनेटवर एकटीनं वाजवायचा. मला तो तुकडा हवाच होता. पण नेमका ताप आला, म्हणून माझी धून मी स्नेहलकडं पाठवली. सगळ्यांच्या धुना ती सरांना देणार होती. काल निकाल लागला: स्नेहलची धून. मी अजून ती ऐकलीही नव्हती, तरी सगळ्यांत आधी टाळ्या मी वाजवल्या. तिनं मला मिठी मारली.

लॅबमध्ये सर स्क्रीनकडं बघत उभे होते. मी पहिली लाल ओळ वाचली आणि परत एकदा वाचली.

आमच्याकडं पद्धत अशी, की फाईलच्या वरच्या बाजूला आपल्या धुनेला आपलंच नाव द्यायचं. मग खाली प्रत्येक वाद्याच्या जागी नुसतं ते नाव लिहायचं, धून आपोआप तिथं येते. एरर म्हणत होता: सत्ताविसाव्या ओळीत 'प्रिया' लिहिलंय, पण या नावाचं फाईलमध्ये काहीच नाही.

मी फाईलच्या वरच्या टोकाला गेले. तिथं 'स्नेहल' होतं. खालचे सूर माझे. चौथ्या ओळीतला लांबलेला 'सा'सुद्धा, जो मी माझा दम तेवढाच पुरतो म्हणून टाकला होता. तिनं सगळीकडं नाव बदललं होतं, एक जागा तेवढी राहिली. आणि ती शोधायला मलाच बोलावलं! एरर तिनं वाचलाच नव्हता.

"काय म्हणतंय गं?" सरांनी विचारलं.

"टायपिंगची चूक असंल, सर," स्नेहल म्हणाली.

"चूक न्हाय. सर, ही धून माझी हाय." मी सगळं बोट ठेवून दाखवलं.

स्नेहलचे कान लाल झाले. "तुला काय, धा धुना सुचत्यात. मला एकदा तरी..."

"मागायची हुतीस की!"

"दिली असतीस?"

"न्हाय! पण मागायची तरी. आणि काल मिठी कशी मारलीस गं मला?"

सर खुर्चीत बसले. "प्रिया, नाव दुरुस्त कर. तुकडा तू वाजवायचास. स्नेहल दुसऱ्या क्लॅरिनेटवर, तुझ्या शेजारी."

मी नाव बदललं, बटण दाबलं. एकही लाल ओळ नाही. पान स्वच्छ आलं, आणि मला रडू आलं.

"सर, शेजारी दुसरं कुणीतरी द्या."

"अगं, पण ती..."

"द्या की, सर."