रिकाम्या घरांचा आकडा

ऑफिसात तिला सगळे आकडेताई म्हणत, आणि तिला त्याचा कधी राग आला नाही. शहरात घरं किती, त्यातली रिकामी किती, भाडं कुणाच्या आवाक्यात आहे आणि कुणाच्या नाही, हे मोजायचं हेच तिचं काम. गृहनिर्माण खात्याच्या अभ्यास विभागात तिला अकरा वर्षं झाली होती. लग्न केलं नव्हतं, आईबाबांकडेच राहायची.

तिच्या कामात घरी खरा रस एकट्या बाबांना. ते भूमापन खात्यातून निवृत्त झालेले नकाशाकार. संध्याकाळी ती चपला काढते न काढते तोच त्यांचा प्रश्न यायचा, "काय, आज किती घरं सापडली?" मग दोघं टेबलावर कागद पसरून बसत. आई म्हणायची, "तुमचं बोलणं ऐकलं की मला परीक्षेला बसवल्यासारखं वाटतं," आणि आपला चहा घेऊन गॅलरीत जायची.

त्या वर्षी रिकाम्या घरांची मोजणी चालली होती. ज्या घराचा पाण्याचा मीटर सहा महिने हलला नाही, ते रिकामं, असा तिनं आधी सोपा हिशेब धरला. शंभरात नऊ घरं रिकामी निघाली. कच्चा मसुदा तिनं बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला.

"मीटर बंद म्हणजे घर बंद, असं कुणी सांगितलं तुला? मीटर बिघडतातही. जा, दारं वाजव."

तिनं वाजवली. तीन आठवडे माणसं घेऊन जिने चढली. बंद मीटरच्या बहुतेक घरांत माणसं राहत होती. एका खोलीत तर सात जणं निघाली, पाणी शेजारणीकडून भरायची. खरा आकडा शंभरात जेमतेम दोन. म्हणजे शहरात घरांचा दुष्काळच होता, आणि भाडी उगाच वाढत नव्हती. अहवाल छापून आला तेव्हा तिनं पहिली प्रत बाबांच्या हातात ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली.

त्याच अहवालाच्या आधारावर खात्यानं भाड्याच्या घरांची योजना काढली. जागा निवडली ती त्यांच्याच गल्लीच्या टोकाची, बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याची. चौऱ्याऐंशी घरं, नर्स, ड्रायव्हर, शाळेत काम करणाऱ्या बायका यांच्यासाठी. तिला आनंद मावेना. घरी येऊन तिनं सांगितलं.

"किती मजले?" बाबांनी विचारलं.

"सहा."

"म्हणजे आपल्या गॅलरीतलं ऊन गेलं म्हणायचं," असं म्हणून ते हसले. तीही हसली.

हरकती ऐकायची सभा शाळेच्या सभागृहात भरली, सकाळी अकराला. ती खात्याच्या बाजूला, आपल्या मॅडमच्या शेजारी बसली होती. गल्लीतली मंडळी समोर. बाबा त्यांच्यात दिसले तेव्हा तिला वाटलं, लेकीचं काम बघायला आले असतील. आदल्या रात्री जेवताना मात्र त्यांनी येण्याचं काही काढलं नव्हतं.

समोरच्या घरातले वकील उठले आणि म्हणाले, "आमच्या वतीनं काका बोलतील." बाबा उभे राहिले. खिशातून त्यांनी घडी घातलेला कागद काढला. दुरूनही तिनं ओळखला. तिच्याच हिरव्या पेनाच्या खुणा होत्या त्यावर.

"हा कागद माझ्या मुलीच्या हातचा आहे," ते शांतपणे म्हणाले. "तिच्या मोजणीत शंभरातली नऊ घरं रिकामी निघाली होती. छापताना त्यांची दोन कशी झाली, ते खात्यानं सांगावं. इतकी घरं पडून असताना आमच्या दारात सहा मजले कशाला?"

टाळ्या पडल्या. ती उठली. मीटर, दारं, तीन आठवडे, सगळं सांगायला लागली.

वकिलांनी मध्येच तोडलं. "आकडा बदलला, हे मान्य?"

"बदलला, पण तो का..."

"मान्य आहे. लिहून घ्या."

बाबा खाली बसून चष्मा पुसत होते. तिच्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

बाहेर एक नर्स तिच्यासाठी थांबली होती. रोज दोन तास जायला आणि दोन तास यायला लागणारी. या घरांसाठी तिनं सर्वांत आधी अर्ज आणला होता. तिच्या आवाजात राग नव्हता. "ताई, तुमचा आकडा खोटा होता का हो?" तिनं विचारलं. आकडेताई नाही म्हणाली. पण सख्ख्या बापानंच भर सभेत सांगितल्यावर परक्या बाईनं तिच्या 'नाही'वर का विश्वास ठेवावा?

घरी बाबा नेहमीच्या खुर्चीत होते.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "दारं वाजव असं तुम्हीच सांगितलंत."

"माहीत होतं." त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"कागद कुठून घेतलात?"

"तुझ्या बॅगेतून. तू आंघोळीला गेली होतीस."

आई हातात फडकं घेऊन दारात उभी राहिली होती. बाबांचा आवाज मऊ झाला. "हे घर उद्या तुझंच व्हायचंय. समोर ती भाड्याची खुराडी उभी राहिली तर याला कोण विचारणार? तुझ्या भल्यासाठीच केलं मी."

"माझ्या भल्यासाठी मला चोर ठरवलंत?"

"चोर कुणी म्हटलं? दोन दिवसांत विसरतील लोक."

खातं विसरलं नाही. चौकशी बसली. मॅडम तिच्या बाजूनं उभ्या राहिल्या, पण चौकशी संपेपर्यंत तिला जुन्या फायलींच्या खोलीत बसवलं. नऊ महिन्यांनी दुसऱ्या पथकानं नव्यानं मोजणी केली आणि आकडा पुन्हा दोनवरच आला, उलट किंचित कमी. तिचं नाव धुऊन निघालं. पण तोवर योजनेची मुदत संपली होती, आणि कारखान्याची जागा गाड्या लावायला दिली गेली होती.

चौकशी चालू असतानाच तिनं घर सोडलं. तिच्या पगारात मिळाली ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाची एक खोली, सामाईक न्हाणीघर. सामान काढताना बाबा म्हणाले, "इथं दोन खोल्या मोकळ्या पडल्यात, आणि तू भाडं भरणार?" तिनं पुस्तकांचं खोकं उचललं आणि जिना उतरली.

आता दर रविवारी त्यांचा फोन येतो. ती उचलते, आईच्या गुडघ्यांची चौकशी करते, गोळ्या संपल्या का ते विचारते. नव्या मोजणीची बातमी पेपरात आली त्या रविवारी ते जरा घुटमळले.

"वाचलं मी," ते म्हणाले. "बरोबर होतीस तू. आता कसलं काम चाललंय?"

"नेहमीचंच," ती म्हणाली, आणि आईला फोन द्यायला सांगितलं.