जपून ठेवलेला टॅब

"घे बाई, तुझी वस्तू. चरासुद्धा पडला नाय," म्हणत वेणूने गाठोडं टेबलावर ठेवलं.

पाड्यावर अहो-जाहो कुणी करत नाही, शाळेच्या बाईंनाही नाही. प्रमिलाबाईंनी हसत गाठोडं सोडलं. आत नवाकोरा टॉवेल, त्यात पिशवी, पिशवीत शाळेचा टॅब. काचेवरचं पातळ प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं. बाईंचं हसू विरलं.

"बाळी ऐकत होती ना यातलं?" त्यांनी विचारलं. चौथीतली बाळी आईच्या मागे उभी होती, केस वीटभट्टीच्या धुळीने तांबूस झालेले.

"ऐकंल कशी? हात लावू दिला तर ना!" वेणू ऐटीत म्हणाली. "पेटीत कुलपात ठेवला. पोरगी रडली, तरी नाय काढला. तूच बोललेली ना, जप, काय झालं तर माझी नोकरी जाईल."

बोलल्या होत्या खऱ्या. आता कुणाच्या नावाने खडे फोडायचे?

दाभोश्याजवळच्या या पाड्यावरची निम्मी माणसं दिवाळी झाली की जगायला जातात, म्हणजे भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर, होळीला सणापुरती घरी येतात आणि पावसाळ्यापर्यंत पुन्हा जातात. आजीआजोबांपाशी राहिलेली पोरं टॅबवर शिकतात. गेलेली पोरं होती नव्हती ती अक्षरंही विसरून येतात. बाळी हुशार होती. यंदाही मागे पडली असती, तर पाचवीला आश्रमशाळेत टिकली नसती. म्हणून बाईंनी नियम मोडून टॅब तिच्याबरोबर धाडला. भट्टीवरच्या झोपड्यांपाशी नेटवर्क नव्हतं, तेव्हा पुढचे सगळे धडे आपल्याच आवाजात भरून दिले.

शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसून त्या बोलत. जव्हारच्या भाड्याच्या खोलीवर त्यांची वाट बघणारं कुणी नव्हतं. धडा संपला तरी बटण दाबवत नसे, मग काहीबाही बोलत राहायच्या. पुढे हिवाळाभर भाकरी थापताना मनात यायचं, आत्ता बाळी ऐकत असेल. तेवढ्यावर त्यांनी हिवाळा काढला होता, आणि तिकडे त्यांचा आवाज पेटीत कुलपात पडून होता. बाईंना फार एकटं वाटलं.

रागवायला त्यांनी वर बघितलं. वेणूचं लुगडं दोन जागी विरलं होतं. टॅबला मात्र नवा टॉवेल होता.

"छान जपलास गं," त्या म्हणाल्या. "पण आता परत नेशील तेव्हा हिला ऐकू दे. बिघडला तर मी बघून घेईन."

"बिघडला तर?"

"बिघडू दे."

वेणूला ते काही पटलेलं दिसलं नाही. होळीची लाकडं आणायची म्हणून ती घाईने निघून गेली. बाळी राहिली.

बाईंनी टॅब चार्जिंगला लावला. बऱ्याच वेळाने तो सुरू झाला. तोवर शाळा सुटली होती. बाळी वायरीला लागूनच भिंतीशी बसली. पहिला धडा अपूर्णांकांचा होता. टॅबमधल्या बाईंनी भाकरीचे चार तुकडे करायला सांगितले, बाळीने फरशीवर खडूने भाकरी काढली, चार भाग केले, एक पुसला. पाव भाकरी गेली, पाऊण उरली. बरोबर होतं. बाईंना जरा धीर आला. सगळं काही वाया गेलं नव्हतं.

धडा संपला. आवाज मात्र चालूच राहिला.

"झालं गं बाळी. आता तू खेळायला जा. मला काही घरी जावंसं वाटत नाही. जाऊन बोलू कुणाशी? काल तर एकटीसाठी भाकरी टाकायचासुद्धा कंटाळा आला..."

बाई ओशाळल्या. बंद करायला त्यांनी हात पुढे केला. बाळीने टॅब पटकन पोटाशी ओढला.

"राहू दे ना बाई," ती म्हणाली. "तू बोलते ना अजून."