धरणाचा तळ

"सरका हो, तो माझा चष्मा आहे," असं म्हणत एक जाडजूड गृहस्थ चिखलात उतरले आणि धाकट्याला हसू फुटलं. लगेच स्वतःचीच लाज वाटली. तो चष्मा शोधायला आला नव्हता, भावाची हाडं शोधायला आला होता.

धरण लहानसंच. शेतीसाठी बांधलेलं, पुढे नौकाविहारापुरतं उरलेलं. दरवाजा गळायला लागला म्हणून यंदा सगळं पाणी सोडून दिलं आणि हरवलेल्या वस्तूंवर हक्क सांगायला निम्मा गाव काठावर लोटला. धाकटा इथला नावाडी. थोरलाही नावाडीच. त्याची लेक रांगत असताना एका पहाटे त्याची होडी उलटी तरंगताना दिसली, तो काही सापडला नाही. भिंतीपाशी जुनी झाडं बुडालेली आहेत, त्यांच्या खोडांत अडकला असणार, असं पाणबुडे म्हणाले. ते सगळ्यांना पटलं. तेव्हापासून वहिनी तिकिटाच्या खिडकीत बसतात. जॅकेटची दोरी स्वतःच्या हाताने बांधल्याशिवाय त्या कुणाला होडीत चढू देत नाहीत, मग तो साहेब असो की नवरदेव.

धाकट्याने बांबू घालून एकेक खोड उलथलं. बोटभर गाळ आणि खाली खणखणीत कातळ. दादा तिथे नव्हताच. म्हणजे जिवंत असेल? मग आनंद व्हायला हवा. पण जिवंत असेल तर बायकोपोरीला टाकून गेला म्हणायचं. आणि होडी? ती काय त्यानेच उलटी केली? दादा समोर आला असता तर मिठी मारावी की मुस्काटात द्यावी, हेच धाकट्याला कळेना.

काठचा चिखल तुडवत, गुडघ्यापर्यंत माखून तो खिडकीपाशी आला. काय सांगायचं ते वाटेत घोकून ठेवलं होतं.

"गाळ फार आहे, वहिनी. दादा खोल रुतला असेल. हाताला काही लागत नाही."

वहिनींनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे.

"कातळ आहे, भाऊजी. सकाळपासून बघतेय मी इथून."

धाकट्याने मान खाली घातली. वहिनी बादली घेऊन बाहेर आल्या आणि त्याच्या पायांवर पाणी ओतू लागल्या. चिखल निघून गेला तरी ओततच राहिल्या.

"संध्याकाळी लेक येईल कॉलेजातून," त्या म्हणाल्या. "तिला मात्र गाळच सांगा."