व्याह्यांसाठी घेतलेली हवेली

कन्यादान हे माणसाच्या हातून घडणारं सर्वांत निःस्वार्थ दान आहे. म्हणूनच मी ते ओमानमधल्या निझवाजवळच्या दीडशे वर्षं जुन्या हवेलीत करायचं ठरवलं. पुण्याच्या व्याह्यांची जिरावी, एवढीच माफक अपेक्षा होती. साखरपुड्याला चंद्रशेखररावांनी "मस्कतला म्हणजे तुमच्या फ्लॅटमध्येच का?" असं विचारलं होतं. आम्ही मस्कतच्या टोकाला, माबेल्याला दोन खोल्यांत राहतो हे खरं, पण विचारायची काही पद्धत असते.

हवेली अमीन नावाच्या ओमानी गृहस्थाच्या खानदानाची. लग्नांना द्यायचे, पण घरच्या रीतीने. कोरीव दारं, रंगवलेली छतं दाखवून झाल्यावर त्याने बजावलं, "मर्द लोग इधर. औरत लोग पीछे, अलग दरवाजा. मेरी माँ का कानून."

"हमारे में भी सेम!" मी म्हणालो. आमच्यातही बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला बसतात. नवरा-नवरी कुठे उभी राहतात, हे मात्र त्या क्षणी सुचलं नाही. मी छताचे फोटो व्याह्यांना पाठवत होतो.

लग्नाच्या दिवशी मुहूर्ताला वीस मिनिटं उरली तेव्हा जावई जितेश पुढच्या दालनात पाटावर उभा होता आणि आमची सोनल मागच्या दालनात. मधे तीन फूट जाडीची मातीची भिंत.

बायकोचा फोन आला. "अहो, अंतरपाट जरा जाड नाही झाला?" मागून सोनल, "बाबा, हार फोनवरच घालू का?"

मी अमीनला गाठलं. "दुल्हन को इधर लाना पड़ेगा."

तो चक्रावला. "दुल्हन का क्या काम? तुम बाप है ना? तुम हाँ बोलो, खलास."

"हमारे में दुल्हन लगती है."

"तुम बोला था सेम."

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझं बोलणं मनावर घेतलं होतं.

अमीन आईला विचारून आला. आत नाही म्हणजे नाही. बाहेर काय हवं ते करा. दोन्ही दारं जिथे उघडत होती, त्या अंगणात गाड्या लावलेल्या होत्या. बिचाऱ्याने स्वतःचा पिकअप बाजूला काढला, त्या जागी गालिचा अंथरला आणि "यल्ला, यल्ला" अशी घाई करत भटजींना जागेवर नेलं. पाण्याचा टँकर आणि वऱ्हाडाची बस यांच्यामधे मंगलाष्टकं झाली. कन्यादान करताना माझे डोळे भरून आले. मी हवेलीच्या दाराकडे बघत होतो.

पुण्याला गेल्यावर चंद्रशेखररावांनी सगळ्यांना सांगितलं, पार्किंगची सोय उत्तम होती.