तळघरातली मरळ

काच फुटली नाही, एवढंच काय ते नशीब. बाकी सगळा विचका झाला होता. तळघरात घोट्यापर्यंत पाणी साचलं होतं, त्यावर धानाचं तणीस तरंगत होतं आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून महागू गवंडी पोट धरून हसत होता.

"तीस साल खानीतलं पानी फेकलं तुनं," महागू म्हणाला, "अन् पानी कोनीकडं जोर मारते हे तुले समजलं नाई?"

"तूही तं होता ना बाजूले! तवा काहून नाई बोलला बे?"

प्रेमलालचं म्हणणं खोटं नव्हतं. दोघांनी मिळूनच सिमेंटच्या हौदाला समोरच्या भिंतीत खिडकी ठेवली होती, तिच्यावर बाहेरच्या अंगाने काच लावून लाकडी पट्ट्या ठोकल्या होत्या. पाणी वर चढलं तशी काच पट्ट्यांसकट निघून खाली पसरलेल्या तणसावर आडवी झाली. आतून बसवली असती, तर पाण्यानेच तिला भिंतीशी दाबून धरलं असतं. प्रेमलालने कपाळावर हात मारून घेतला, धोतर वर खोचलं आणि हापशी पंप जोडायला घेतला. पाणी बाहेर काढण्याचा धंदा तरी त्याच्या हातचा होता.

भरवेलीच्या मॅंगनीजच्या खाणीत पंप चालवून तो नुकताच घरी बसला होता. बालाघाटातलं हे घर त्याने एका धानाच्या व्यापाऱ्याकडून घेतलं होतं, म्हणून घराखाली धान साठवायचं तळघर होतं. घरापुढे विहीर होती. आता मोहल्ल्यात नळ आले, गल्ली रुंद व्हायची होती, आणि विहीर नेमकी मधे येत होती. होळीनंतर ती बुजवणार असं ठरलं, तेव्हा शेजारीपाजारी खूश झाले. तोंड पाडून बसला तो एकटा प्रेमलाल. कारण विहिरीत मरळ होती.

बारा वर्षांची असताना त्याच्या पोरीने, अनुसयाने, वैनगंगेतून लोट्यात घालून आणलेली, बोटाएवढी मासोळी. पोरगी रोज शाळेतून आली की कठड्यावर वाकून तिला भाताची शितं टाकायची. मरळ वाढली, पोरगीही वाढली. पुढे पोरीने तिरोडीच्या खाणीतल्या फकिरा नावाच्या पोराशी आपल्या मनाने लग्न केलं. पोरगा दुसऱ्या जातीचा. "या घरात पाय ठेवू नोको," असं प्रेमलाल चार लोकांत बोलून गेला. सहा वर्षं झाली त्याला. पोरगी बापाच्याच वळणाची. तिने पाय ठेवला नाही.

"वैनगंगेत सोडून द्या ना जी तिले," शेवंताबाईने नवऱ्याला सुचवून पाहिलं होतं.

"संध्याकाळपावतर कोनाच्या तरी चुलीवरच्या गंजात शिजंल ते."

"मंग टाकी बांधा लहानशी. घराएवढा हौद कायले?"

"इहिरीत राह्यलेली मासोळी आहे. लहान जागेत मरून जाईल."

शेवंताबाई सूप खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. "मासोळीसाठी बांधून राह्यले का पोरीसाठी?"

"तू आपलं काम कर," असं म्हणून प्रेमलाल तळघरात उतरला होता. खरं काय ते त्याला ठाऊक होतं. कधीतरी अनुसया येईल, आणि आल्या आल्या विहिरीकडे जाईल. तिथे रस्ता दिसला तर ती तशीच परत फिरेल, ही धास्ती त्याच्या छातीत बसली होती. तोंडाने ते बोलण्यापेक्षा त्याला लोखंडाच्या सळ्या वाकवणं सोपं वाटत होतं.

दुसऱ्या खेपेला काच आतून, डांबरात घट्ट बसली. हौद भरला, थेंबही गळला नाही. महागूने भिंतीवर थाप मारली आणि बिडी पेटवली. पण प्रेमलालने परीक्षा म्हणून सोडलेल्या बारक्या मासोळ्या दुसऱ्या दिवशी पोट वर करून तरंगल्या. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरला होता. मोहल्ल्यात चेष्टेला ऊत आला. कोणी विचारी, "काका, तळघरात समुंदर कब आयेगा?" प्रेमलालचं काम चालूच राहिलं. हौद उपसायचा, भिंती शेणाने घासायच्या, चुना ओढून घ्यायला केळीचे खुंट टाकून पुन्हा भरायचा, चार दिवसांनी पुन्हा उपसायचा. खांदे भरून यायचे, हाताची सालं निघायची. एकदा शेवंताबाई तेलाची वाटी घेऊन खाली आली. त्याच्या खांद्याला तिने तेल चोळलं आणि पंपाचा दांडा धरला.

होळी झाली आणि मुरमाच्या बैलगाड्या गल्लीत आल्या. अजून हौदाच्या पाण्याचा भरवसा नव्हता. प्रेमलाल विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसला.

"मासोळी निंगल्याबिगर मुरूम पडनार नाई," तो म्हणाला.

मुकादम आधी हसला, मग चिडला. पण म्हातारा हलेना. "ठीक है, शाम तक निकाल लो," असं म्हणून त्याने बैल सोडायला सांगितले.

प्रेमलालने पंप लावून विहीर उपसली आणि दोर धरून खाली उतरला. तळाच्या चिखलात मरळ पडली होती, कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढी. ओल्या पोत्यात धरून त्याने तिला वर आणलं. हौदात सोडली तेव्हा ती तळाशी गेली ती हललीच नाही. प्रेमलाल काचेसमोर बसून राहिला. मेली तर काय करायचं, हे त्याने ठरवलं नव्हतं. बऱ्याच वेळाने ती सावकाश वर आली, पाण्याबाहेर तोंड काढून, मरळ घेते तसा, तिने हवेतला श्वास घेतला आणि परत खाली गेली. तेव्हा कुठे प्रेमलाल भिंतीला टेकला.

वर बाहेर मुरूम पडत होता.

अनुसयाला निरोप शेवंताबाईने धाडला. काय धाडला, ते तिने सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. आठवड्याने अनुसया दारात उभी राहिली. अंगाने भरली होती, चेहरा आईसारखा दिसायला लागला होता. तिने जिथे विहीर होती तिथे पाहिलं, मग बापाकडे. प्रेमलाल जिना उतरायला लागला. ती मागोमाग गेली.

दिव्याच्या उजेडात ती काचेसमोर जमिनीवर बसली. लहानपणापासून तिने मरळीची फक्त काळी पाठ पाहिली होती. आता तिचे कल्ले, पोटाचे पट्टे, बारीक डोळे समोर दिसत होते.

"एवढी झाली?"

"हौ."

अनुसयाने हौदाच्या भिंतीवरून हात फिरवला. "बाबा, एवढं सिमेंट, एवढं लोखंड! याच्या बदल्यात आपल्या तोंडचा एक निरोप धाडला असता, तं मी त्याच दिवशी आली असती ना."

प्रेमलालने काचेच्या कडेचं डांबर उगाच अंगठ्याने दाबून पाहिलं.

"ते नाई जमलं मले," तो म्हणाला. "हे जमते."

अनुसयाने वळून पाहिलं नाही. ती जराशी बाजूला सरकली आणि शेजारची ओली जमीन पदराने पुसून कोरडी केली. गुडघ्यांवर हात टेकत प्रेमलाल तिथे बसला.