विठाबाईंची नक्कल

विठाबाईंच्या तोंडाला कधी कुलूप म्हणून नव्हतं. मल्लेश्वरमच्या मराठी बायकांत त्यांच्या नकलांचं भारी कौतुक. भटजींपासून शेजारच्या वकिलीणबाईंपर्यंत कुणालाही त्यांनी सोडलं नव्हतं. पण शहाण्णव सालच्या त्या दुपारी, नाक-कान-घशाच्या डॉक्टरांपुढे बसल्या असताना, याच बाईंची वाचा बसली होती.

डॉक्टरांनी सुनेच्या डोक्याची फिल्म उजेडावर लावली. महानंदाच्या डाव्या भुवईमागे, जिथं नुसती पोकळी असायला हवी, तिथं सुपारीएवढं पांढरंशुभ्र काहीतरी ठाण मांडून बसलं होतं.

"हाडाची गाठ आहे," डॉक्टर कानडीत म्हणाले. "क्वचितच होते. बहुतेक साधी, कॅन्सरची नव्हे. पण डोळ्याला ढकलतेय, तेव्हा काढावी लागेल. डोळा पुढं यायला कधी लागला, तेवढं सांगा."

"दोनेक महिने झाले असतील," तिचा नवरा महांतेश म्हणाला. पोरगा खोटं बोलत नव्हता. उजाडायच्या आत इलेक्ट्रॉनिक सिटीच्या कारखान्याची बस गाठायची, रात्री येऊन जेवायचं आणि आडवं व्हायचं. बायकोचं तोंड उजेडात बघितलं तर रविवारी.

डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. "दोनच महिने? इतक्या झपाट्यानं वाढत असेल तर मला दुसरी शंका घ्यावी लागेल. आधी तुकडा काढून तपासावा लागेल. नीट आठवा. त्याआधी घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

महानंदा मान खाली घालून बसली होती. विठाबाईंनी पदराचा काठ बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

गेल्या वर्षीच्या संक्रांतीचं हळदीकुंकू. घर बायकांनी भरलेलं, आणि सून डोकं दुखतं म्हणून आत निजलेली. तिचं डोकं नेमकं कामाच्या दिवशीच दुखतं, ही विठाबाईंची ठाम समजूत. सुंठीचा लेप लावला की त्यांचं कर्तव्य संपत असे. त्या दिवशी राग नाकावरच होता. वाण देऊन झालं, बायकांनी गळ घातली, आणि विठाबाईंनी कपाळाला पट्टी बांधली, उजवा डोळा बारीक केला, डावा बटबटीत पुढे काढला आणि कण्हत म्हटलं, "आत्याबाई, डोकं फुटाय लागलंय हो!" बायका हसून हसून लोळल्या. पाण्याचा तांब्या घेऊन महानंदा दारात उभी होती. तीही हसली.

डोळा दिसला होता. दिसला म्हणून तर नक्कल इतकी हुबेहूब उतरली होती. दवाखान्यात न्यावं, एवढं मात्र मनाला शिवलं नव्हतं.

आता गप्प बसावं तर पोरीच्या जिवाशी खेळ, आणि बोलावं तर पोटच्या पोरासमोर बोलायचं.

"दीड वर्ष झालं," विठाबाई म्हणाल्या. "गेल्या संक्रांतीच्या आधीची संक्रांत."

"एवढं नक्की कसं सांगता, अम्मा?"

"मी हिची नक्कल केली होती. चारचौघींत. त्या डोळ्याची."

महांतेशनं आईकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. ते विठाबाईंना फार लागलं.

"तेव्हा डोळा किती पुढं होता?" डॉक्टरांनी सरळ कामाचं विचारलं. "करून दाखवता येईल?"

विठाबाईंनी दाखवलं. उजवा डोळा बारीक केला, डावा बाहेर काढला. दोन्हींतून पाणी वाहत होतं. डॉक्टरांनी एकदा सासूकडे नीट बघितलं, एकदा सुनेकडे. लाजेनं बाईंचे कान तापले, पण डॉक्टर पुरे म्हणेपर्यंत त्यांनी चेहरा हलवला नाही.

"सरी, ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "आजही जवळजवळ एवढाच आहे. म्हणजे सावकाश वाढणारी आहे. घाबरायचं कारण नाही. तुकडा वगैरे नको, एकदाच काढून टाकू."

महांतेश औषधं आणायला गेला. बाहेरच्या बाकावर दोघीच उरल्या.

"चुकलं माझं," विठाबाई म्हणाल्या. "तुला दुखत होतं आणि मी..."

"त्या दिवशी बायका गेल्यावर मी आरशात बघितलं, आत्याबाई," महानंदा हळूच म्हणाली. "तोवर मला ठाऊकच नव्हतं. मग लाज वाटाय लागली. भांग बदलला, केस पुढं ओढून घेतले. यांनाही दिसू दिलं नाही."

विठाबाई तिच्या कपाळावर ओढलेल्या केसांकडे बघत राहिल्या. गौरीच्या हळदीकुंकवाला त्यांनी त्या नव्या भांगाचीही नक्कल केली होती.